प्लग सुहासच्या हातात होता

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि देवावरही बेताचाच. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून मला वेड्यात काढताना जरा थांबाल.

साल १९८७. मुंबईची नोकरी सोडून मी आणि माझा मित्र सुहास, आम्ही रत्नागिरीत कॉम्प्युटर कंपनी काढली. कंपनी म्हणजे एक मशीन, एक प्रिंटर आणि आम्ही दोघे... एसटी स्टँडजवळच्या मोठ्या कॉम्प्लेक्समधला, दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला गाळा आम्हाला हवा होता. गावात कुणीही पत्ता सांगताना त्याच इमारतीची खूण सांगायचं. मालक भाटकरशेठ मात्र पक्के. "महिनाभर वापरा. गिऱ्हाईक मिळालं तर लीजवर सही. नायतर गाळा साडीवाल्याला."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आंबा बागायतदार सोसायटीचे चेअरमन आप्पा डेमो बघायला येणार होते. सकाळीच शेठ गुरवांना घेऊन हजर. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यांच्या जागेत कोणी काम सुरू करत नसे, आणि आम्ही तर महिनाभर करत होतो. नारळ ठेवून गुरव म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी हाती घेतलेलं काम पुरं झाल्याबिगर थांबू देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी घड्याळ बघत होतो.

दुपारी आप्पा आले, शेठही बघायला थांबले होते. सभासदांची यादी छापायला घेतली आणि लाईट गेली. पंखा थांबला. सुहासने सवयीने आधी मशीनचा प्लग उपसला, कारण आमच्याकडे लाईट परत येते ती जादा व्होल्टेज घेऊन. गेला गाळा, आता परत मुंबई.

पण प्रिंटरची करकर थांबलीच नव्हती. स्क्रीनवर हिरवी अक्षरं तशीच, कागद पुढे सरकतोय, आणि सुहास हातातल्या प्लगकडे बघत उभा... बॅटरी म्हणा, जनरेटर म्हणा, आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. शेवटचं नाव छापून झालं आणि मगच मशीन बंद पडलं.

आप्पांनी आधी यादीत स्वतःचं नाव शोधलं. मग म्हणाले, "बरा हाय. आमच्याकडं लाईट सारखी जाते. आमाला हाच द्या, बिनलाईटचा."

शेठनी उभ्याउभ्याच लीजवर सही केली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बायकोला हे माहीत आहे.

पुढे आम्ही कितीदा तरी प्लग काढून बघितला. मशीन दर वेळी त्याच क्षणी बंद. आप्पांना शेवटी बॅटरी जोडून दिली, तर म्हणाले, "त्या दिवशी तर लागली नव्हती."

मी इंजिनीअर आहे, म्हणून तर इतक्यांदा प्लग काढून बघितला. गाळा अजून आमच्याकडेच आहे. दर वर्षी तिथे गाऱ्हाणं होतं, आणि "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठ्याने मी म्हणतो.