खिंडाईला हाक गेली नाही

आंबेखिंडीत लग्न झालं की गोंधळ घालायचा मान गहिनीनाथच्या घराचा. आजा गेला, बाप गेला, आणि संबळ गहिनीनाथच्या कमरेला आला. पोट मात्र संबळावर कधी भरलं नाही. म्हणून तो नागापूरला एमआयडीसीत पत्रा वाकवायच्या मशीनवर उभा राहायचा आणि लग्नसराईत साहेबाच्या विनवण्या करून सुट्ट्या काढायचा. ‘‘तुझ्या गावात माणसं लग्नं फार करतात,’’ साहेब म्हणायचा.

अशा माणसाला नगरचा रविराज भेटला. सावेडीत राहणारा, केस वाढवलेला, पण वागायला अगदी मऊ. ‘उंबऱ्याबाहेर’ नावाचा त्याचा बँड होता. गिटार, ड्रम आणि गावाकडची गाणी अशी सगळी मिसळ. नव्या अल्बमला त्याला खरा गोंधळी हवा होता.

गहिनीनाथ गेला. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून त्यानं देवांना हाका मारल्या. गोंधळाची रीतच ती. आधी सगळ्यांना नावानिशी बोलवायचं: तुळजापूरची, माहूरची, जेजुरीचा, मग आसपासच्या गावांचे देव आणि सगळ्यांत शेवटी आपल्या खिंडीतली खिंडाई. घरची बाई सगळ्यांना वाढून मागून जेवते, तशी ती मागून येते. पण एकही नाव गाळायचं नसतं. ज्याला बोलावलं नाही तो देव रुसतो, एवढं आंबेखिंडीतलं शेंबडं पोरही जाणतं. गहिनीनाथनं सगळी नावं घेतली आणि दुसऱ्या पाळीला कामावर गेला.

अल्बम आला. गाण्याचं नाव ‘हाक’. गहिनीनाथनं ओट्यावर बसून मोबाईल आईच्या कानाशी धरला. साळूबाईनं डोळे मिटून ऐकलं, मान डोलवली. गाणं थांबलं तरी ती तशीच बसून राहिली.

‘‘पुढचं लाव की.’’

‘‘संपलं, आये.’’

‘‘आसं कसं संपलं? आजून आपली कुठं आली?’’

गहिनीनाथनं मोबाईल आपल्या कानाशी धरला. त्यानं पुन्हा लावलं. जेजुरीनंतर गिटार चढत गेली, ड्रम धडाडला आणि गाणं खलास. आसपासचे देव गेले, खिंडाई गेली.

त्यानं रविराजला फोन लावला. तिकडं आनंदीआनंद होता. ‘‘गहिनीदादा, वाचलंत का? पुण्याच्या पेपरात अर्धं पान आलंय! सगळ्यांनी ‘हाक’च उचलून धरलंय!’’ आणि त्यानं वाचूनच दाखवलं. एका समीक्षकानं लिहिलं होतं, कुठं थांबायचं ते या गाण्याला नेमकं कळलंय. दुसरा म्हणत होता, लोककलेतला पाल्हाळ कापायला धाडस लागतं. तिसऱ्या बाईंनी तर कमाल केली. त्यांना गाण्याला आंबेखिंडीच्या मातीचा वास आला. बाई आंबेखिंडीला कधी आल्या नव्हत्या. वास कुठून आला ते खिंडाईलाच ठाऊक, आणि खिंडाईला तर कुणी बोलावलंच नव्हतं.

‘‘रविराज, आमची देवी ऱ्हायली रं.’’

पोरगा वाईट नव्हता. ‘‘दादा, गाणं फार लांबत होतं. शेवटची नावं सारखीच वाटली, म्हणून कापली. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.’’

‘‘मग घाल की आता.’’

‘‘आता ते सगळीकडे गेलंय, दादा. कार्यक्रमात घेऊ ना आपण. नक्की घेऊ.’’

तो भांडला असता तर बरं झालं असतं. चूक कबूल करणाऱ्याशी काय भांडायचं? गहिनीनाथ ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला.

गावातले समीक्षक मात्र अर्ध्या पानावर भागणारे नव्हते. सकाळी दूध डेअरीवर सूर्यभान आण्णांनी चारचौघांत विषय काढला. आण्णांच्या शब्दाला गावात वजन, आणि त्यांच्या नातवाचं लग्न तोंडावर आलेलं.

‘‘तुळजापूरची चालती, माहूरची चालती. आन आपलीच तेवढी जड झाली व्हय रं?’’

‘‘म्या म्हनलं हुतं, आण्णा. त्यांनी कापलं.’’

‘‘आवाज कुनाचा हाय?’’

‘‘माजाच.’’

‘‘मंग?’’

कात्री दुसऱ्याची होती, हे गाण्यात कुठं ऐकू येतं? त्याच आठवड्यात कुणाची तरी गाय आटली, तीही त्याच्याच नावावर लागली.

नातवाच्या गोंधळाला आण्णांनी शेवगावकडची पार्टी सांगितली. ते कळलं त्या दिवशी साळूबाई जेवली नाही. गहिनीनाथनं संबळ खाली काढला, पुसला, परत खुंटीला लावला. त्याला रडावंसं वाटत होतं. चाळिशी ओलांडलेला बाप्या, रडणार तरी कुणापुढं?

लग्नाचं आमंत्रण तेवढं आलं, पाहुणा म्हणून. दिवेलागणीला गोंधळ उभा राहिला. गहिनीनाथ मांडवाच्या कडेला उभा होता. शेवगावची पोरं तरणीताठी, हात चांगला होता त्यांचा. हाका सुरू झाल्या आणि गहिनीनाथनं कान दिला. चाल त्याची होती. श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच्याच होत्या. पोरांनी मोबाईलवर ऐकून ऐकून गाणं घोटलं होतं. तुळजापूरची आली, माहूरची आली, जेजुरीचा आला. मग संबळ चढत गेला आणि हाका थांबल्या. मांडवातली पोरं शिट्ट्या मारून नाचायला लागली. त्यांना गाणं तेवढंच माहीत होतं.

गहिनीनाथच्या ओठांवर नाव आलं होतं. पण हाक मारायची ती ज्याच्या कमरेला संबळ असेल त्यानं. कडेच्या पाहुण्यानं नाही. त्यानं आण्णांकडे पाहिलं. आण्णा देवीपुढं मांडलेल्या चौकापाशी हात जोडून पुढच्या नावाची वाट पाहत होते. त्यांनी हात वर केला, काहीतरी ओरडले, पण त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. शेवगावच्या पोरांनी कथा उरकली आणि पेटती दिवटी दुधात शांत केली. ती शांत झाली की गोंधळ संपला. देव येतो तो पेटत्या दिवटीवर, त्यानंतर त्याला बोलावत नाहीत.

पंगती बसायला लागल्या तसे आण्णा वाट काढत त्याच्यापाशी आले. डेअरीवरचा ताठा कुठल्या कुठं गेला होता.

‘‘गहिनी, तू मार बाबा हाक. आत्ता मार. तुजाच मान हाय त्यो.’’

किती दिवस हेच ऐकायला त्याचा जीव तळमळत होता. त्यानं चौकातल्या ओल्या दिवटीकडे पाहिलं.

‘‘दिवटी शांत झाली, आण्णा,’’ तो म्हणाला. ‘‘आता तिला कशावर बोलवू?’’