मोटारीच्या तोंडावर ओले बोंबील

कॉलेजातल्या दोस्तांनो, वाचून झालं की कागद पुढच्याला द्या.

आज भाड्याची मोटार चालवत मंदाच्या आईला सातपाटीहून पालघरला नेत होतो. वाटेत तिच्यापाशी मंदाला मागणी घालायची, हे पक्कं ठरवलं होतं.

शिरगावपाशी बॉनेटमधून वाफ उसळली. पंख्याचा पट्टा ठीक होता, नळीही फुटली नव्हती. मग समोर पाहिलं, तर रेडिएटरच्या जाळीवर ओल्या बोंबलांच्या माळा! वारा आत शिरणार कुठून?

माझं डोकं इंजिनापेक्षा तापलं. "कोणी बांधलं हे?"

"मीच. वाऱ्यानं सुकतील म्हनून," मंदाची आई म्हणाली. "तुज्यासमोरच बांधलं रे. तुजं ध्यान आमच्या दाराकडं होतं."

निघताना त्या दारात मंदा उभी होती.

मी गुपचूप माळा सोडल्या. इंजिन निवेपर्यंत पाणी ओतता येत नव्हतं, म्हणून दोघं ताडाखाली बसलो.

"वरडून झालं ना? आता बोल, काय इचारायचं हाय ते."

प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलेला मी, माळेतले बोंबील मोजत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "उद्या घरी ये. पन माज्या पोरीवर असा वरडलास तर बघ."

दोस्तांनो, हा होकार समजू का?