पंखे कुणी बंद केले

माझा फोन उघडायला बोटाचा ठसा लागतो, तो नाही जमला तर चेहरा, आणि चेहराही नाही जमला तर आकडे. एवढा बंदोबस्त करून आत आहे काय? काही नाही. बायकोने उघडला तर तिला चार्जरचे फोटो आणि कुठल्या फोनची किंमत किती उतरली याची चित्रं सापडतील. जे खरं लपवायचं होतं ते मी केव्हाच पुसून टाकलं. आजवर हे कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळ नाही, अक्काजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही आबांना ओळखत नाही.

मी नंदुरबारला एका पतसंस्थेत नोकरीला आहे, पण गल्लीत मला ओळखतात ते मोबाइलवाला म्हणून. दुकान नाही हो माझं. नुसती हौस. कुणाला नवा फोन घ्यायचा असला की आधी मला विचारणार, आणि मी सांगणार. खरं म्हणजे विचारलं नाही तरी सांगणार. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला मी सांगितलंय की दादा, स्क्रीनवरचं ते कंपनीचं प्लास्टिक आता काढा, बारशाचं झबलं नाही ते, जपून काय ठेवताय. फोन साफ करणारी ॲप टाकू नका, तीच खरी घाण. कॅमेऱ्याच्या आकड्यांना भुलू नका. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. ही माझी मतं आहेत आणि आजही मी त्यांवर ठाम आहे — बघा, एवढं होऊनसुद्धा मतं सुटत नाहीत.

त्यांतलं सगळ्यांत लाडकं मत असं, की अपडेट आलं की लगेच करून टाकायचं. ॲपच्या कोपऱ्यात तो लाल ठिपका दिसला की मला चैन पडत नाही. दुसऱ्याच्या फोनवर दिसला तरी हात शिवशिवतात. आणि एक वाक्य मी इतक्यांदा बोललोय की मित्र मला त्यावरून चिडवायचे — माणूस चुकतो, मशीन चुकत नाही. हे वाक्य पुढे माझ्याच तोंडावर आलं असतं तर बरं झालं असतं. ते भलत्याच माणसाच्या डोक्यात जाऊन बसलं.

आता आबा. आबा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे सासरे. अक्का नवापूरला दिली आहे. भाऊजींची कोंबड्यांची शेड आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. शेड उभी केली ती आबांनी. पुढे व्यवहार भाऊजींकडे गेला, पण उन्हाळ्याच्या दुपारी आबांनी कधी सोडल्या नाहीत. जेवण झालं की डोक्याला उपरणं गुंडाळून ते शेडकडे निघायचे, दारात उभं राहून पक्ष्यांकडे बघायचे आणि पंखे लावायचे. फार तापलं तर फॉगर — म्हणजे छताखालच्या नळ्यांतून बारीक पाणी उडतं ते — तेही लावायचे, आणि ऊन कलेपर्यंत तिथेच बाजेवर बसायचे. उकाड्याने कोंबडी मरते, आणि मरायला लागली की फार वेळ घेत नाही. नवापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला ते बघून हसू यायचं. बटन दाबायला एक अख्खा माणूस? या काळात? मी भाऊजींच्या मागे लागलो. स्मार्ट स्विच आणला, उष्णता मोजणारं यंत्र आणलं, सगळं माझ्या फोनला जोडलं. शेड तापली की पंखे आणि फॉगर आपोआप चालू. भाऊजींना नंदुरबारहून, माझ्या घरात बसून, त्यांचे पंखे चालू-बंद करून दाखवले. ते खूश. सगळं घर बघायला आलं. मी काय फुगलो होतो त्या दिवशी!

जुनी बटनं भिंतीवर तशीच होती, ती दाबली तरी पंखे चालायचे. म्हणून मी त्यांच्या खाली स्केचपेनने लिहून कागद चिकटवला — कृपया हात लावू नये. ते ‘कृपया’ आबांसाठी होतं. सवयीने जाता-येता ते एखादं बटन बंद करायचे, वीज कशाला जाळायची म्हणून. आबांनी कागद सावकाश, मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे वळून हसले.

“मंग मी आते काय करू, भाऊ?”

आराम करा, मी म्हणालो. आणि खरंच सांगतो, त्यांचं भलं केल्यासारखं वाटलं मला.

पुढचं सांगतो. जरा थांबत थांबत सांगतो, चालेल ना?

त्या वर्षी वैशाखात अक्कलकुव्याला भाऊजींच्या चुलतभावाकडे लग्न होतं. सगळे निघाले. शेडवर राहणारं जोडपंही आपल्या गावी गेलेलं. आबांना उन्हाचा प्रवास सोसत नाही म्हणून ते एकटे घरी. अक्काने मला फोन करून विचारलं — जाऊ ना रे? मी म्हटलं, बिनधास्त जा, मी इथून बघतो. आबांनाही फोनवर सांगितलं की दुपारी शेडकडे जाऊ नका, ऊन लागेल, मशीन आहे. नाहीतर ते गेले असते. मी सांगितलं नसतं तर ते गेलेच असते.

दुपारी मी घरी कूलरसमोर पडलो होतो. शेडचं ॲप उघडलं. पंखे चालू, फॉगर चालू, सगळं ठीक. आणि कोपऱ्यात — तो ठिपका.

स्विचला अपडेट आलं होतं. आता तुम्हीच सांगा, पेटत्या दुपारी, ज्या पंख्यांवर एवढे जीव अवलंबून आहेत, त्या स्विचचं अपडेट कुणी करतं का? संध्याकाळी केलं असतं तर काय बिघडत होतं? स्विच बंद पडून परत चालू होतो हे मला माहीत होतं. परत चालू झाल्यावर एकदा बघून खात्री करायची असते, हेही मला माहीत होतं. लोकांना मीच शिकवतो हे. पण ठिपका गेला, मला बरं वाटलं, आणि मी दुसरीकडे वळलो. त्या दुपारी एका नव्या फोनचं अनावरण चाललं होतं आणि आमच्या ग्रुपवर वाद पेटला होता. मी त्यात उतरलो. शेडच्या ॲपची सूचना वर आली — आली, मला आठवतंय — आणि मी ती अंगठ्याने बाजूला सारली. व्हिडिओवर आली होती ना.

अपडेटने माझे सगळे नियम पुसले होते. स्विच परत सुरू झाला तो बंद अवस्थेत. पंखे थांबले, फॉगर थांबला, आणि मी फोनच्या कॅमेऱ्यावरून भांडत होतो.

आबा झोपून उठले तेव्हा त्यांना काहीतरी वेगळं वाटलं. शेडचा आवाज येत नव्हता. ते अनवाणी धावले. आत बघितलं आणि भिंतीवरची सगळी बटनं भराभर दाबली. पंखे लागले, पण तोवर निम्म्याहून जास्त पक्षी गेले होते.

मी संध्याकाळच्या गाडीने नवापूरला पोचलो तेव्हा भाऊजी लग्नाच्या कपड्यांतच शेडमागे खड्डा खणून घेत होते. मीही मेलेले पक्षी उचलू लागलो. आबा बाजेवर बसले होते. भाऊजींनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, आवाज चढवून नाही, पण सगळ्यांसमोर —

“आबा, तुम्हीन बटन दाबं व्हतं का?”

“हां, दाबं ना,” आबा म्हणाले. ते खरंच बोलत होते. दाबलं होतं त्यांनी, पंखे लावायला.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या फोनकडे. मी ॲप उघडलं. त्यात सरळ लिहिलेलं होतं — अपडेट, मग पुन्हा सुरू, मग बंद. कितीतरी वेळ बंद. मग शेवटी, हाताने चालू. तो शेवटचा हात आबांचा होता. त्या दिवशी ज्याने काही वाचवलं असा तो एकच हात.

मी म्हणालो, “दुपारीच कुणीतरी हाताने बंद केल्याचं दाखवतंय.”

बस. एवढंच वाक्य. नावही घेतलं नाही मी. नाव घ्यायची गरज होती कुठे? घरात एकच माणूस होता.

वय लहान होतं म्हणावं, तर चाळिशी उलटली होती. घाबरलो म्हणावं — कशाला? भाऊजी अंगावर येणारे नाहीत. अक्काने दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी जेवायला वाढलं असतं. मी घाबरलो ते एवढ्यालाच, की उद्यापासून मला कुणी काही विचारणार नाही. पंगतीत कुणी आपला फोन माझ्यापुढे धरणार नाही. त्यासाठी मी एका म्हाताऱ्या माणसाला पुढे ढकललं.

आबांनी वाद घातला असता तर? मला वाटतं, मी कबूल झालो असतो. नाही — तेही नक्की सांगत नाही. पण त्यांनी वादच घातला नाही. ते माझ्या फोनकडे बघत राहिले आणि मग भाऊजींना म्हणाले, “फोन काय खोटं बोलस का? मन्हाच हातथीन व्हयनं व्हई. माले याद नही, एवढंच.”

माझंच वाक्य होतं ते, त्यांच्या बोलीत. मी खाली मान घालून पक्षी उचलत राहिलो.

परतीच्या गाडीत मी तो स्विच ॲपमधून काढून टाकला, म्हणजे आधीची सगळी नोंद जाते. दुसऱ्या दिवशी नव्याने जोडला. भाऊजी म्हणाले, तुझं मशीन चांगलं आहे रे, पण आबांपासून जपायला हवं. तेव्हा बटनांवर पत्र्याची पेटी बसवू असं मीच सुचवलं. तिचं कुलूपही मीच आणलं.

त्यानंतर घरात हळूहळू ठरूनच गेलं की आबांना आता विसरायला होतं. चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारलं, तर अक्का आणि भाऊजी एकमेकांकडे बघायचे. तुमचा-माझा चष्मा रोज हरवतो, आपल्याकडे कोण बघतं? आधी शेडची किल्ली गेली, मग लुना गेली. मग गॅसजवळ जायचं नाही, नळ सोडायचा नाही, देवापुढे दिवा लावायचा नाही. हे सगळं प्रेमाने. अक्का माझ्याजवळ डोळ्यांत पाणी आणून सांगायची की आबांचं फार बघवत नाही रे. मी काय करायचो? औषधं सुचवायचो. एकदा तर त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांचा, आठवण करून देणारा फोन घेऊन गेलो. निर्लज्जपणाला काही सीमा असते का?

आता आबा खरंच विसरतात. नातवंडांची नावं अदलाबदल करतात, बोलता बोलता मध्येच थांबतात. ते वयाने झालं की आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना तसं केलं? मला याचं उत्तर माहीत नाही. पण त्या दुपारी झोपेतून उठून आवाज बंद आहे एवढ्यावरून अनवाणी धावत गेलेला माणूस काही विसरलेला नव्हता, एवढं मला नक्की माहीत आहे. हे माहीत असलेला जगात मी एकटाच. आबासुद्धा नाहीत.

सांगायला वेळा कमी आल्या का? दर राखीला आली, दर दिवाळीला आली. दरवेळी नवापूर स्टेशनवर उतरताना वाक्य तयार असतं, आणि अक्काच्या दारात गेलो की भाचा नवा फोन पुढे करतो — मामा, बघ ना जरा. मी बघत बसतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काला माहेरी आणायला गेलो होतो. अक्का आणि भाऊजी आंबे घ्यायला बाजारात गेलेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पुढच्या खोलीत आबा खुर्चीवर बसले होते. बंडी घामाने अंगाला चिकटलेली, कपाळावरून धार, हातात उपरणं. डोक्यावर पंखा, आणि तो बंद. वीज होती, कोपऱ्यातल्या फ्रिजचा आवाज येत होता. बटन त्यांच्या खांद्याशेजारच्या भिंतीवर होतं. हात लांबवायचा अवकाश.

आबा, पंखा का नाही लावला? मी विचारलं.

“मन्हा हातना आते भरवसा ऱ्हायना नही,” ते म्हणाले. “कोणी ई ना, म्हनीसन वाट पाही ऱ्हायनू. तूच लाव, भाऊ.”

मी बटन दाबलं. पंखा फिरू लागला. आबांनी डोळे मिटले, वारा अंगावर घेतला आणि म्हणाले, “सुखी ऱ्हा.”

मी हो म्हणालो, आणि त्याच पंख्याखाली बसून अक्काची वाट बघितली. ती आल्यावर चहा प्यालो.