न पाहिलेलं तळं

पुण्याच्या कचेरीत बसून मी म्हैसूर आभाळातून कितीतरी वेळा पाहिलं आहे. उपग्रहचित्रांवरून पशुपक्ष्यांच्या अधिवासाचे नकाशे करणं हे माझं काम. या जानेवारीत मी फेरतपासणीसाठी म्हैसूर स्टेशनवर उतरलो. बॅगेत तीन वर्षांपूर्वीचा एक तक्ता होता आणि त्यात मी खोटं लिहिलं होतं.

चित्रावरचा रंग आणि जमीन जुळते का, हे त्या जागी उभं राहून तपासायचं, असा आमचा नियम. त्या वेळी एप्रिल होता. शहराबाहेरची, चित्रात करडी दिसणारी एक जागा तेवढी राहिली होती. लष्कर मोहल्ल्यातले शिंपी पांडुरंगराव, पक्ष्यांचं वेड असलेला माणूस, मला तिथे न्यायला तयार होते. ऊन फार आहे, म्हणून मी त्यांना परत पाठवलं आणि लॉजवर पंख्याखाली बसून लिहिलं : 'पडीक जमीन. पक्षी नाहीत.' सोबतच्या स्थानिक माणसाच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं.

आता तेच पांडुरंगराव स्कूटर घेऊन स्टेशनवर उभे होते.

"बन्नी सार, बन्नी (या)! आधी इडली खावा, मग केरे (तळं) बघू."

कापसासारखी इडली, वर लोण्याचा गोळा. मी अर्धी तशीच ठेवली.

"काय सार, पुणेवाल्याला इडली पण तिखट लागते काय?"

मेटगळ्ळीचे कारखाने मागे टाकून, उसाच्या शेतांच्या कडेकडेने आम्ही त्या करड्या जागी पोचलो. तळ्याच्या अर्ध्या काठावर बाभळीसारख्या झाडांच्या सरळ रांगा होत्या. पडीक जागेवर झाडं लावायची, म्हणून माझ्याच नकाशावरून लावलेली. उरलेल्या काठावर ओलं गवत होतं, त्यात दहाबारा पट्टेरी हंस चरत होते. आणि गवतातच पुढच्या झाडांसाठी नवे खड्डे खणून ठेवलेले.

"हिमालयाच्या पलीकडून येतात, सार. मोकळं गवत पाहिजे, कुत्रं लांबून दिसायला पाहिजे. झाडांत कोण उतरणार?"

शेळ्या राखणारी एक बाई कन्नडमध्ये काहीतरी ओरडली. पांडुरंगराव कसनुसं हसले.

"म्हणते, काय टेलर, पक्षी संपल्यावर मोजायला माणूस आणलास काय?" मग माझी समजूत घालत म्हणाले, "वरून दिसलं नसेल, सार. मशीन चुकतं. तुम्ही काय करणार, बिडी (सोडा)."

ते मला ऐकवेना. एक बूट चिखलात रुतला होता, तसाच उभा राहून मी सगळं सांगितलं आणि तक्ता त्यांच्या हातात दिला. आपल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"कोणीतरी न बघता लिहिलं, म्हणून मी गावात भांडतोय. तो कोणीतरी मीच काय?"

मी म्हणालो, पुण्याला गेल्यावर लगेच दुरुस्तीचं पत्र लिहितो.

"नको सार. पुण्याला गेलात की परत ऊन लागेल."

त्यांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी बसून मी फोनवर कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं.

"मराठीत वाचा," ते म्हणाले. "हिला पण ऐकू दे."

त्यांच्या पत्नीने मशीन थांबवलं. मी वाचलं : "मी त्या जागी गेलो नव्हतो. पांडुरंगराव माझ्यासोबत नव्हते. नोंद खोटी आहे. उरलेली लागवड थांबवावी."

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. मग त्यांच्यासमोरच ते पाठवलं.

आता परतीच्या गाडीत हे लिहितो आहे. नोकरी बहुधा जाईल. खड्डे रिकामे राहतील की नाही, माहीत नाही. निघताना पांडुरंगरावांनी दारातूनच विचारलं होतं, "अशा न बघितलेल्या जागा अजून किती, सार?"

"हीच एक," मी म्हणालो.

ते खरं आहे. पण माझ्या नुसत्या शब्दावर त्यांनी ते का मानावं?