गोपुराकडे तोंड करून उभी लॉरी

जुन्या गाडीखाली तेल साचतं, तसे आमच्या शेडमध्ये किस्से साचतात. कुणी मुद्दाम सांडत नाही. थेंब थेंब पडतात, आणि पुसले तरी डाग राहतो.

शेड मेलकावेरीत, नदीच्या बांधाला लागून. सकाळी पाण्यावरून धुकं येतं आणि शेडमधल्या गाड्या अर्ध्याच दिसतात. मी गाड्या दुरुस्त करतो. मुरुगेसन बॅटरी आणि वायरिंग बघतो. आणि कृष्णराव येऊन बसतात, कारण त्यांचं घर समोरच आहे आणि त्यांची लॉरी नेहमी आजारी असते.

लॉरी जुनी, निळ्या रंगाची. नाचियार्कोविल्‌हून पितळेच्या समया भरून आणायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. कृष्णरावांचा मुलगा श्रीधर चेन्नईला असतो. तो म्हणायचा, "अप्पा, आता विकून टाका." कृष्णरावांनी त्याला शब्द दिला होता, "तू पोंगलला येशील, तेव्हा ती पहिल्या सेल्फला उठली नाही तर विकीन."

आणि ती तर रोज सकाळी रडत उठायची.

* * *

पहिला निदान करणारा मुरुगेसन. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. मुरुगेसन म्हणाला, "बॅटरी." बॅटरी बदलली. आता लॉरी दुप्पट जोरात फिरायला लागली आणि तरी पेटली नाही.

कृष्णराव म्हणाले, "मुरुगेसा, आधी ती हळू नाही म्हणायची. आता ओरडून नाही म्हणते."

* * *

कधीतरी पेटायची. पण मग पांढरा धूर, आणि सगळं अंग थरथरायचं. जरा वेळानं आपोआप शांत व्हायची.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन कसं चालतं, ते बघायची माझी एक पद्धत आहे. गरम कॉफीचा टंबलर बॉनेटवर ठेवायचा. कॉफीवर किती लाटा उठतात ते बघायचं. त्या दिवशी लाटा उठल्याच नाहीत, कारण टंबलरच चालत चालत कडेला गेला आणि मुरुगेसनच्या मांडीवर पडला.

मुरुगेसन धोतर झटकत म्हणाला, "अण्णा, मला कळलं. आता नॉझल बघा."

डिझेल फवारणारे नॉझल काढले, साफ केले, बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

* * *

गंमत पुढेच आहे. समया भरायला लॉरी नाचियार्कोविल्‌ला गेली, की कधी कधी तिथंच मुक्काम करायची. भाताच्या शेतांच्या मधे, सपाट अंगणात. आणि सकाळी पहिल्या सेल्फला उठायची. गाय उठते तशी, आवाज न करता.

मी डोकं खाजवत हे सांगत होतो, तेव्हा कृष्णरावांच्या पत्नी कॉफी घेऊन आल्या. वहिनी नाचियार्कोविल्‌च्याच.

त्या म्हणाल्या, "त्यात काय नवल? माहेरी गेले की मीसुद्धा पहिल्या हाकेला उठते."

कृष्णराव म्हणाले, "खोटं. तिथं तू उठतच नाहीस."

* * *

पण वहिनींचं बोलणं माझ्या मनात राहिलं. तिथं उठते, इथं का नाही?

एका सकाळी मी बांधावर उभ्या लॉरीखाली गोणपाट टाकून नुसता पडून राहिलो. काम काही नव्हतं. धुक्यातून ऊन गाळून येत होतं, नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. जरा डोळा लागला असेल. जाग आली तेव्हा मी खाली घसरलो होतो. डोकं होतं तिथं नव्हतं.

बांधाला उतार आहे हे मला जन्मापासून माहीत. पण लॉरीसाठीही तो उतार आहे, हे मला तेव्हा सुचलं.

लॉरी चढावर तोंड करून उभी असायची. टाकी मागे, खाली. कुठल्यातरी जोडातून केसाएवढी हवा शिरायची आणि वरचं डिझेल रातोरात टाकीकडे परत जायचं. सकाळी पंपात नुसती हवा. ती निघेपर्यंत रडणं आणि थरथरणं. मी नळ्या बदलल्या, तांब्याचे वॉशर बदलले. फरक पडला, पण हवा काही पूर्ण थांबली नाही.

मी म्हणालो, "कृष्णराव, ती उलटी उभी करा. तोंड नदीकडे, खाली. डिझेल पुढेच राहील."

कृष्णरावांनी मान वळवून वर बघितलं. चढाच्या वर, झाडांमागे, देवळाचं गोपुर दिसतं. त्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. तीही तिथंच, गोपुराकडे तोंड करून उभी असायची.

"अण्णा," ते म्हणाले, "देवाकडे पाठ करून उभी करू? ज्याच्या पुढच्या समया ती वाहते, त्याच्याकडे?"

"मग विकावी लागेल."

"मग विकू."

वहिनी रिकामे टंबलर गोळा करत होत्या. जाताना त्या लॉरीला मागून एक फेरी मारून गेल्या.

* * *

पोंगलला श्रीधर आला. जुनी लॉरी घेणारा एक माणूसही बरोबर आणला होता. मी सकाळी गेलो, तर बांधावर दाट धुकं, आणि धुक्यात लॉरीचं तोंड माझ्याकडे, नदीकडे.

मी कृष्णरावांकडे बघितलं. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "आधी कॉफी घ्या."

कृष्णराव चढले, स्टिअरिंगला हात लावून डोळ्यांना लावला, आणि सेल्फ मारला.

अर्धा फेराही झाला नसेल. पेटली. धूर नाही. मी टंबलर बॉनेटवर ठेवला. कॉफीवरचा फेस हललासुद्धा नाही. तो टंबलर लॉरी विकत घ्यायला आलेल्या माणसाला दिला. त्यानं सावकाश कॉफी संपवली, टंबलर परत दिला आणि बसस्टँडचा रस्ता विचारला.

श्रीधर मात्र हसत म्हणाला, "काका, अप्पांना देवाकडे पाठ करायला लावलीत. तुम्हीच जिंकलात."

असं म्हणत तो लॉरीच्या मागे गेला, आणि तिथंच थांबला. मीही गेलो.

मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात दोन मोठे डोळे काढले होते. मधे कुंकवाचा टिळा, अजून ओला. खाली मोगऱ्याचा हार, आणि दोन्ही चाकांशी एकेक लिंबू. धुकं हळूहळू उठत होतं, आणि ते डोळे चढावरून सरळ गोपुराकडे बघत होते.

श्रीधरनं त्या डोळ्यांच्या नजरेमागून वर गोपुराकडे बघितलं. मग त्यानं पायातले बूट काढले.