एक्केचाळीस खडे आणि एक रुपया

जूनच्या सोळा तारखेला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मंचरच्या एका दवाखान्यात मी माझ्या जावेला एक रुपया दिला. हजर तिघीच होतो. ती, मी आणि सलाईनची बाटली बदलायला आलेली परिचारिका. जावेचं नाव चांगुणा. वय अठ्ठावन्न, आधार कार्डावर एकसष्ट. खरं कोणतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी तिला ताई म्हणायचे. तिनं रुपया मागितला नव्हता, खडा मागितला होता. दवाखान्याच्या खोलीत खडा कुठून आणायचा, म्हणून मी पर्स चाचपली आणि हाताला लागलं ते नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली, डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाली, "परत देते गं तुला." अठराला सकाळी सात वाजता ती गेली. त्याला आता सात आठवडे झाले.

मी ओतूरच्या एका पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेब लिहिते. न जुळणारी गोष्ट ओळीनं लिहून काढली की कुठे चुकलं ते सापडतं, असा माझा अनुभव आहे. ताईच्या बाबतीत मला काहीच जुळवता येत नाहीये, म्हणून हे लिहायला बसले. जुळेलच असं नाही.

ती गेल्यावर पहिली अडचण फोटोची आली. दहाव्याला फ्लेक्स लावायचा होता आणि घरात तिचा समोरून काढलेला फोटो सापडेना. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा अल्बम काढला. दोनशे अठरा फोटो आहेत. ताई त्यातल्या तीन फोटोंत दिसते. एकात नुसती पाठ, एकात अक्षतांचं ताट धरलेला हात आणि एकात मांडवाच्या पडद्याआडून अर्धा चेहरा. आणि ती नवरीची आई होती... शेवटी धाकट्या सारिकाच्या लग्नातला एक फोटो सापडला, तोच लावला. त्या फोटोचीही एक गोष्ट आहे, पण ती तिच्या जागी सांगते.

मी लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले तेव्हा ताई त्या घरात सात वर्षं जुनी होती. सासऱ्यांच्या काळात दीडशे मेंढरं होती, माझ्यापर्यंत तीस-पस्तीस उरली, बाकी सगळी शेती. ताई माहेरचीही मेंढरांमागचीच, शाळा दुसरीपर्यंत. मी बी.कॉम. आल्या दिवसापासून तिनं मलाच थोरली करून टाकलं. "तू शिकलेली हायेस, तूच सांग," हे तिचं ठरलेलं. जेवायची सगळ्यांच्या मागून, पोचा आलेल्या जर्मनच्या ताटात. एसटी रिकामी असली तरी शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. आणि दिवसभर तोंडात एकच, "चुकलं माझं." दूध उतू गेलं तरी चुकलं माझं आणि वीज गेली तरी चुकलं माझं. पाहुणे उशिरा आले तेव्हाही तिनं तेच म्हटलेलं मी ऐकलं आहे.

इथे एक कबूल करायला हवं. तिच्या या स्वभावाचा घरात सगळ्यांना फायदा होता, मलाही होता. कामाची वाटणी करायची वेळच यायची नाही. जे उरेल ते ताईचं.

लग्नाला दहा वर्षं झाली असतील, एका रविवारी मी मोजायला बसले. हेतू चांगला होता असं मला तेव्हा वाटत होतं. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलीनं रेघा ओढत गेले. ताई "चुकलं माझं" म्हणाली की एक रेघ. सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत चौतीस झाल्या. नुसत्या मोजल्या नाहीत, तपासल्याही. चौतीसपैकी तीनच वेळा खरोखर तिची चूक होती. जेवताना सगळ्यांदेखत मी ते पान तिच्यापुढे धरलं आणि समजावून सांगितलं, की बघा ताई, एकतीस वेळा तुम्ही उगीच स्वतःला दोष दिलात.

ताईनं पानाकडे पाहिलं. म्हणाली, "म्हंजे हे बी माझंच चुकलं."

मी पेन्सिल उचलली आणि पस्तिसावी रेघ ओढली. सगळे हसले. दीर हसले, आमचे हे हसले, मुली हसल्या. ताईसुद्धा हसली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडण नव्हतं. विचारलं त्याला उत्तर द्यायची, ताट वाढायची, पण आपणहून एक शब्द नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मेंढरं आत घ्यायच्या वेळी तिनं मला कुंपणाच्या तोंडाशी बोलावलं. हातात तुपाचा रिकामा डबा होता. तिथे उभी राहून तिनं मला तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली, आधी कुणालाच न सांगितलेली.

ती सात वर्षांची असताना एका संध्याकाळी मेंढरं मोजायचं काम वडिलांनी पहिल्यांदा तिला दिलं. वाघराच्या, म्हणजे रानात रात्री मेंढरं कोंडायच्या, जाळीला एका बाजूला तोंड ठेवतात आणि मेंढरं त्यातून एकेक आत जातात तशी मोजायची असतात. अंधार पडायच्या आत उरकावं म्हणून तिनं मागून हाकललं. मेंढरं एकावर एक घुसली आणि मोजणी भरली असं तिला वाटलं. एक लंगडं कोकरू बाहेर राहिलं होतं. सकाळी उसाच्या कडेला त्याची लोकर सापडली, बिबट्यानं नेलं होतं. वडिलांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, की हिच्या हातात काही द्यायचं नाही. आणि खरंच, लग्न होईपर्यंत पुन्हा दिलं नाही.

"तू मोजलंस ते तोंडातनं भाईर आलं तेवढंच," ताई म्हणाली. "आत दिसभर किती फिरत्यात, ते तुला काय ठावं? मलाच न्हाई ठावं. आता मी मोजनार हाय. पर हाकायची न्हाईत. हाकली का मोजणी चुकती. येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. धट्टंकट्टं बी एकच, लंगडं बी एकच."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरू केलं. 'मी बिनकामाची' असं काही मनात आलं, की हातातलं काम थांबवायची, एक श्वास घ्यायची, अंगणातला एक खडा उचलून डब्यात टाकायची. रानात असली तर पदराच्या गाठीत बांधून आणायची. संध्याकाळी डबा मोजून मला आकडा सांगायची आणि खडे मेंढरांच्या वाटेवर परत ओतायची. आकडा मी वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी त्र्याण्णव निघाले. ती घाबरली. मी त्याहून जास्त.

मला वाटलं, महिन्याभरात निम्मे होतील. झाले नाहीत. मग मी तिला मदत म्हणून तिच्या चांगल्या गुणांची यादी करून दिली, बावीस कलमांची. वाईट विचार आला की यातलं एक म्हणायचं. तिनं यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "हे तर हाकनंच झालं की, राव." जावेला राव म्हणणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

वहीतले आकडे आजही माझ्याकडे आहेत. पहिल्या वर्षी सरासरी सत्त्याऐंशी. तिसऱ्या वर्षी ब्याण्णव. सहाव्या वर्षी चौऱ्याऐंशी. पतसंस्थेत असे आकडे आले असते तर मी प्रगती शून्य असा शेरा मारला असता. एकदा मी तिला तसं बोललेही, की ताई, इतकी वर्षं झाली, आकडा तिथेच आहे, मग उपयोग काय?

"कमी करायला कुठं मोजत व्हते?" ती म्हणाली. "हायेत किती, तेवढं बघत व्हते."

पण वहीत न मावणाऱ्या गोष्टी घडत होत्या आणि त्या कोणत्या रकान्यात लिहायच्या ते मला कळत नव्हतं. तिनं पोचा आलेलं ताट कोंबड्यांच्या दाण्याला दिलं आणि आमच्या पंगतीत जेवायला बसू लागली. एसटीत कंडक्टरच्या मागच्या बाकावर बसू लागली. एकदा थोरले दीर, म्हणजे तिचा नवरा, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून बोलायला लागले. ती एरवीसारखी कानकोंडी झाली नाही. "व्हय, जास्त पडलं," एवढंच म्हणाली आणि जेवत राहिली. दादा गोंधळले. पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना, कारण पुढचं नेहमी ताईच बोलायची. त्या रात्रीचा आकडा शहात्तर होता. म्हणजे मिठाचा खडाही त्यात असणारच... आत दुखलं नाही असं नव्हतं. दुखलेलं तिनं पाहिलं आणि जेवण पुरं केलं.

सारिकाचं लग्न खोडद रस्त्यावरच्या एका कार्यालयात झालं. घरच्यांचा फोटो काढायला सगळे उभे राहिलो. फोटोवाला पोरगेला होता, घाईत होता. ताईच्या रानात रापलेल्या चेहऱ्याकडे पाहून तिला कामाची बाई समजला असावा. "ओ मावशी, तुम्ही जरा बाजूला सरका," म्हणाला. मी ताईकडे पाहिलं. तिची मान खाली गेली, एक पाय मागेही गेला. मग ती थांबली. खाली वाकून अंगणातनं उचलावं तसं काहीतरी उचललं, मूठ मिटली, आणि सरळ उभी राहिली.

"मी आई हाय तिची," ती त्याला म्हणाली. "तूच जरा मागं सर, म्हंजे समदी मावतील."

सगळे हसले. त्या हसण्यात आणि चौतीस रेघांच्या रविवारच्या हसण्यात फरक होता, पण तो शब्दांत मांडायला मला जमत नाही. तोच फोटो आम्ही फ्लेक्सवर लावला. फ्लेक्सवाल्यानं मला विचारलं, बाईंनी मूठ का आवळली आहे, दुरुस्त करू का? मी म्हटलं, राहू द्या.

हे सगळं असं असताना दवाखान्यात जे झालं ते मला कळत नाही. फुफ्फुसात पाणी झालं म्हणून पंधराला दुपारी तिला गाडीत घातलं. सोळाला सकाळी मी उशाशी बसले होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लई तरास दिला मी तुमाला समद्यांना. चुकलं माझं."

चौदा वर्षं खडे टाकले आणि शेवटी तेच वाक्य? मला वाटलं, सगळं पुसून गेलं. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "खडा दे."

मग तो रुपया. मग ते "परत देते." म्हणजे ते वाक्य मनात आलेलं तिनं पाहिलं आणि मोजलं, असं मी आता म्हणते. पण हे मी माझ्या समाधानासाठी म्हणते आहे की खरंच तसं होतं, याची मला खात्री नाही. माझंही एक राहून गेलं होतं. पस्तिसाव्या रेघेची माफी मी तिच्याकडे कधीच मागितली नाही. त्या दिवशी बोलायचं मनात होतं. परिचारिका खोलीत होती, म्हणून नंतर बोलू म्हटलं. नंतर तिला बोलता येईना.

अठराला परिचारिकेनं ताईच्या वस्तू कागदात बांधून माझ्याकडे दिल्या. जोडवी, दोन बांगड्या, एक रुपया.

चुलीजवळच्या कोनाड्यातला डबा सात आठवडे कुणी हलवला नव्हता. पंधरा जूनला दुपारपर्यंतचे खडे त्यात तसेच होते. आज मी तो उतरवला. तीनदा मोजले, तिन्ही वेळा एक्केचाळीस. दुपारपर्यंत एक्केचाळीस म्हणजे दिवस जड होता की नेहमीसारखाच होता, हे सांगायला ती नाही. डब्याच्या तळाशी घडी घालून अंथरलेला एक कागद होता. कॅलेंडरचं पान, मागे पेन्सिलीच्या पस्तीस रेघा. ते पान मी तेव्हाच फाडून टाकलं असेल असंच धरून चालले होते. तिनं ते का ठेवलं? सल म्हणून, की इथून सुरुवात झाली म्हणून? चौदा वर्षं रोज तिचे खडे त्या रेघांवर पडत होते आणि ती मला त्याबद्दल एका अक्षरानं बोलली नाही. मी माफी मागायला हवी होती की ती माझे आभार मानत होती... मला ठरवता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर ते कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बाहेर दादा मेंढरं आत घेत होते. आता मोजायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. ते हाकतात, आणि चोवीस मेंढरं त्यांना कधी तेवीस भरतात, कधी पंचवीस.

मग रुपयाचा प्रश्न उरला. तो धरावा की नाही? तो डब्यात नव्हता, खडाही नव्हता. पण तिचा नियम मला पाठ होता, धट्टंकट्टं बी एकच, लंगडं बी एकच. वहीत मी बेचाळीस लिहिले. एक्केचाळीस खडे मेंढरांच्या वाटेवर नेऊन ओतले, जिथले होते तिथे. वहीत आकड्याखाली एक ओळ घातली : एक रुपया, ताईकडून मला परत पोचला. कागद पुन्हा तळाशी अंथरला आणि डबा कोनाड्यात ठेवला. हे लिहून होईपर्यंत त्यात तीन खडे जमले आहेत. तिन्ही माझे.