एप्रनच्या खिशातलं रिव्हॉल्व्हर

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रं म्हणून काय काय पुजलं गेलंय हे कळलं, तर आमचे पूर्वज तोंड लपवतील. पुण्यात असताना कंपासपेटी. कॅनडात, कॅल्गरीत आल्यावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि बर्फाचं फावडं. फावड्याला मी जरा जास्तच कुंकू लावते, म्हणजे नवऱ्याचं त्याच्याकडे लक्ष जावं. खरं शस्त्र मात्र माझ्या तबकासमोर एकदाच आलं. २००८ च्या ऑक्टोबरात, शेजारच्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात.

म्हातारा एकटाच राहायचा. बायको त्याच वर्षी गेली होती. तिची पेटी आवरताना त्याला फडक्यात गुंडाळलेलं तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर सापडलं. पाच गोळ्यांचं, रिकामं, मुठीची डावी लाकडी फळी गायब. बायकोची आजी शेतावर असताना ते एप्रनच्या खिशात ठेवायची म्हणे. कोल्ह्यांसाठी की नवऱ्यासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याच्या मुलीनं ऐकलं आणि फर्मान काढलं: थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी मी जेवायला येते, मंगळवारी ते पोलिसांना देऊन टाकू. तिचंही चूक नव्हतं. १८९८ च्या आधी बनलेलं असेल तर पुराणवस्तू, ठेवता येईल. नंतरचं असेल तर लायसन्स हवं, आणि ते म्हाताऱ्याकडे नव्हतं. बायकोचे कपडे, भांडी, सगळं दान करून झालं होतं. उरलं होतं एवढंच.

मी ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग तपासते, म्हणून बारीक आकडे वाचायला त्यानं मला बोलावलं. भिंग घेऊन गेले. नळीच्या वर एक झकास जुनी तारीख कोरलेली दिसली. मी विजयी मुद्रेनं जुन्या बंदुका जमवणाऱ्या एका गृहस्थाला फोन लावला.

"बाई, ती पेटंटची तारीख," तो म्हणाला. "कंपनी तीच तारीख वर्षानुवर्षं ठोकत राहायची. मुठीच्या बुडाशी नंबर असेल, तो सांगा. वर्षही सांगतो आणि फळी कुठली बसेल तेही."

मुठीचं बुड घासून गुळगुळीत झालं होतं. भिंगातून पाहिलं, टॉर्च तिरपा धरला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली. काही नाही. असे तीन दिवस गेले आणि गुरुवारी दसरा आला.

"तू पूजेचं तबक घेऊन त्याच्याकडे निघालीस?" नवरा म्हणाला. "पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही."

"फावडं ओळखतोस का ते सांग आधी."

म्हाताऱ्यानं रिव्हॉल्व्हरला छान तेल चोळून ठेवलं होतं. मी भक्तिभावानं त्यावर हळद-कुंकू वाहिलं, आणि माझा हात नेहमीप्रमाणे सढळ पडला. तेलावर हळद जी बसली ती बसलीच.

"यंग लेडी," तो अगदी शांतपणे म्हणाला. मी तेव्हा अठ्ठेचाळीसची होते. "तुम्ही माझ्या बायकोच्या आजीला मसाला लावलात."

मी ओशाळून टिश्यूनं पुसायला लागले. वरची हळद निघाली. बुडाशी मात्र चार बारीक पिवळ्या खुणा राहिल्या. जिथे बोटाला काहीच लागत नव्हतं, तिथे हळद जाऊन बसली होती. मी भिंग ओढलं. दोन आकडे स्वच्छ होते, तिसरा पाच, आणि शेवटचा तीन की आठ यावरून आमचं थोडं भांडण झालं. मग त्यानं उरलेल्या फळीचा स्क्रू काढला. आतल्या लाकडावर कुणीतरी कधीकाळी पेन्सिलीनं तोच नंबर लिहिला होता. शेवटी आठ. मी तीनवर अडून बसले होते, हे त्यानं नंतर गल्लीभर सांगितलं.

फोनवर तो गृहस्थ बराच वेळ पानं उलटत होता. म्हातारा खुर्चीत बसला नाही. सिंकला टेकून उभा राहिला, हातात ते फडकं.

"१८९८ च्या खूप आधीचं," फोनमधून आवाज आला. "आणि त्यात बसणारी काडतुसं कधीच बंद झाली. लेखी देतो. फळी माझ्या सुट्या भागांच्या डब्यात असेल, पण रंग जुळेलच असं नाही."

म्हातारा म्हणाला, "माझा नि बायकोचाही कुठे जुळायचा." मग तोंड फिरवून उगाच नळ सुरू केला.

सोमवारी मलाही जेवायला बोलावलं होतं. मुलीनं ते पत्र दोनदा वाचलं, रिव्हॉल्व्हर उलटंपालटं करून पाहिलं आणि नखानं ती हळद खरवडायला गेली.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "तिथे नंबर आहे."

तिनं ते खाली ठेवलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "डॅड, पणजी कुठल्या खिशात ठेवायची?"

त्याला ते माहीत नव्हतं. तरी त्यानं उठून, कमरेला एप्रनसारखं फडकं खोचून, आम्हाला ते दोन्ही खिशांतून काढून दाखवलं.